हार्ड डिस्क गेली, लॅपटॉप नाही

लोहा हे नांदेड-लातूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. पीक विम्याची मुदत, कॉलेजचे प्रवेश आणि लग्नसराई या तीन हंगामांत इथल्या झेरॉक्स-ऑनलाइन केंद्रांना आणि डीटीपीच्या दुकानांना उसंत नसते. माळाकोळी, सोनखेड, माळेगावहून आलेली माणसे कागद हातात धरून उभी असतात आणि नेमका तेव्हाच एखादा जुना लॅपटॉप काळ्या पडद्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ अशी ओळ दाखवून थांबतो. आतून टकटक आवाज येत असतो. हार्ड डिस्क गेलेली असते.

पुढचा सल्ला बहुधा ठरलेला. “मॉडेल जुने झाले, याला डिस्क मिळत नाही, नवाच घेऊन टाका.” दहातल्या नऊ लॅपटॉपच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे. लॅपटॉपचा मदरबोर्ड, बिजागऱ्या, कीबोर्ड, पडद्याची केबल हे भाग ज्या-त्या मॉडेलचेच लागतात आणि ते मिळवताना खरोखर दमछाक होते. हार्ड डिस्क तशी नाही. ती एका सर्वमान्य मापाने बनते. माप आणि जोडणी जुळली की डेलमधली डिस्क एचपीत आणि एचपीतली लेनोव्होत चालते. गिऱ्हाईक दुकानात जाऊन “अमुक कंपनीच्या लॅपटॉपची डिस्क द्या” असे मागते, इथेच सगळा घोळ सुरू होतो.

जुने यंत्र टिकवण्यामागे फक्त पैशांचा प्रश्न नसतो. मराठवाड्यातल्या अनेक डीटीपी दुकानांत लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके आजही पेजमेकरवर बनतात. पेजमेकर ७ ही त्याची शेवटची आवृत्ती, २००१ साली आलेली. सोबत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि तिचे डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची किल्ली. वर्षानुवर्षांचा मजकूर त्याच फॉन्टमध्ये बांधलेला असतो आणि तो दुसऱ्या यंत्रावर नुसता उघडला तर जोडाक्षरांचा पार चुराडा होतो. हा सारा संसार विंडोज एक्सपीवर सुरळीत चालतो, म्हणून तो लॅपटॉप जपला जातो. फोटो स्टुडिओवाल्यांचे आणि टॅलीत हिशेब ठेवणाऱ्या आडत दुकानांचेही तसेच. त्यांना नवा लॅपटॉप परवडतो, पण जुन्याची घडी मोडणे परवडत नाही.

डिस्कचे माप एकसारखे कसे झाले, हे थोडक्यात पाहायला हवे. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. पुढे आकार घटत गेला. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्रेअरीटेक या कंपनीने २० एमबीची अडीच इंची डिस्क बाजारात आणली आणि लॅपटॉपसाठी तेच माप रूढ झाले. आजही अडीच इंची डिस्क सुमारे ७० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर लांब असते, स्क्रूची भोके ठरलेल्या जागी असतात. घरातल्या डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची. तिला ५ व्होल्टसोबत १२ व्होल्टही लागतात, लॅपटॉपच्या डिस्कचे काम एकट्या ५ व्होल्टवर भागते. त्यामुळे डेस्कटॉपची डिस्क लॅपटॉपला लावण्याचा विचार सोडून द्यावा.

लांबी-रुंदी एक असली तरी जोडणी दोन प्रकारची आहे, आणि खरी गफलत इथे होते. जुनी जोडणी आयडीई, जिला पाटा असेही म्हणतात. लॅपटॉपच्या आयडीई डिस्कच्या मागच्या बाजूला बारीक पिनांच्या दोन ओळी दिसतात. एकूण ४४ पिना, त्यांतूनच वीजही जाते. नवी जोडणी साटा. तिला पिना नसतात, एका अखंड काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर सोनेरी रेघा असतात. साटाचे पहिले मानक २००३ मध्ये आले आणि २००६ च्या सुमारास लॅपटॉप तिकडे वळले. म्हणजे २००७-०८ नंतर घेतलेला लॅपटॉप असेल आणि त्यात अडीच इंची डिस्क असेल, तर ती साटाच असणार असे जवळजवळ धरून चालता येते. साटाच्या पुढे तीन पिढ्या झाल्या, दीड, तीन आणि सहा गिगाबिट वेगाच्या. पण नवी डिस्क जुन्या जागेत बसवली की ती जुन्या वेगाने मुकाट्याने काम करते.

तरीही अंदाजावर पैसे टाकू नयेत. लॅपटॉप उलटा करून झाकण उघडावे, डिस्क बाहेर काढावी आणि लेबल वाचावे. त्या लेबलवर एकेका अक्षराला किंमत असते. वेस्टर्न डिजिटलच्या १६० जीबीच्या दोन डिस्क घ्या. एकीवर डब्ल्यूडी१६००बीईव्हीई, दुसरीवर डब्ल्यूडी१६००बीईव्हीटी. शेवटच्या अक्षराचाच फरक, पण पहिली आयडीई आणि दुसरी साटा. सीगेटचेही तसेच. एसटी९१६०८२१ए म्हणजे आयडीई, त्याच आकड्यापुढे एएस आले की साटा. फोनवरून मागणी नोंदवताना ते एक अक्षर गळले तर नांदेडहून चुकीची डिस्क येते आणि “या लॅपटॉपला काही चालत नाही” हा समज आणखी घट्ट होतो.

संक्रमणाच्या काळातले काही लॅपटॉप तर जाणकारांनाही चकवतात. २००५ साली आलेला थिंकपॅड टी४३ हा त्यातला प्रसिद्ध. त्याचा मदरबोर्ड आतून साटा बोलतो, पण मध्ये रूपांतर करणारी चिप बसवून बाहेर आयडीई जोडणी दिली आहे. कंपनीच्या यादीबाहेरची डिस्क लावली की सुरू होताना तो २०१० क्रमांकाची सूचना दाखवतो, ही डिस्क नीट चालेलच असे नाही अशा अर्थाची. अशा यंत्रासाठी आधी त्याच मॉडेलच्या वापरकर्त्यांचा अनुभव शोधावा आणि मगच डिस्क घ्यावी.

आयडीईच्या नव्या हार्ड डिस्क आता बनत नाहीत. त्यांचा प्रवास ३२० जीबीच्या आसपास थांबला. वापरलेल्या डिस्क मिळतात, पण त्या मरायला टेकलेल्याच असण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा चांगला मार्ग आहे. एमसाटा नावाची छोटी एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, आणि तिला ४४ पिनांचे रूप देणारी अडीच इंची पट्टी एकत्र घ्यावी. ही जोडी जुन्या डिस्कच्या जागी नेमकी बसते. मात्र क्षमता १२८ जीबीपेक्षा जास्त घेऊ नये. जुन्या यंत्रांत डिस्कवरचा पत्ता २८ बिटांत लिहिला जाई आणि त्यात १३७ अब्ज बाइटपलीकडची जागा मोजताच येत नसे. ४८ बिटांची सोय नंतर आली. ज्या यंत्रात ती नाही तिथे ५०० जीबीची डिस्क लावली तर वरची जागा दिसत नाही, किंवा त्याहून वाईट, सीमा ओलांडताच आधीचा मजकूर पुसला जातो.

साटा डिस्क घेणाऱ्याने जाडी पाहावी. लॅपटॉपच्या बहुसंख्य हार्ड डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या होत्या. नंतर सडपातळ लॅपटॉप आले आणि ७ मिलिमीटरच्या डिस्क रूढ झाल्या. जास्त क्षमतेच्या काही डिस्क साडेबारा किंवा १५ मिलिमीटरच्याही असतात, त्या लॅपटॉपच्या खणात शिरतच नाहीत. २०११ चा थिंकपॅड एक्स२२० फक्त ७ मिलिमीटरची डिस्क घेतो. तिथे साडेनऊची आणली तर ती परत करण्यावाचून गत्यंतर नाही. उलट दिशेने मात्र अडचण नाही, ७ मिलिमीटरची डिस्क साडेनऊच्या खणात पट्टीचा आधार देऊन घट्ट बसवता येते.

जुनी डिस्क बाहेर काढताना तिच्यासोबत काय काय आले ते मेजावर मांडून ठेवावे. पत्र्याची चौकट, रबरी पट्ट्या, चार बारीक स्क्रू. काही जुन्या एचपी आणि डेल यंत्रांत डिस्कच्या तोंडावर जोडणीचा एक सुटा तुकडाही असतो. तो जुन्या डिस्कलाच चिकटून राहिला आणि डिस्क भंगारात गेली तर नवी डिस्क कितीही चांगली असली तरी लागणार नाही. दहा ग्रॅमच्या त्या तुकड्यासाठी मग सारा बाजार पालथा घालावा लागतो.

आणखी एक शक्कल नेहमी लढवली जाते. घरात पडलेली बाहेरून लावायची यूएसबी हार्ड डिस्क फोडायची आणि आतली डिस्क लॅपटॉपला लावायची. हे नेहमी साधत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्टसारख्या अनेक डिस्कमध्ये यूएसबीचे तोंड थेट डिस्कच्या सर्किटवरच असते, आत साटा जोडणी नसतेच. फोडल्यावर चांगली चालणारी डिस्कही हातची जाते.

प्रत्येक वेळी दोष डिस्कचाच असतो असेही नाही. २०१२ च्या तेरा इंची मॅकबुक प्रोमध्ये डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणारी चपटी केबल खराब होण्याची तक्रार जगभर ओळखीची आहे. लोक डिस्क बदलतात, चार दिवसांनी तीच तक्रार, पुन्हा डिस्क बदलतात. म्हणून काढलेली डिस्क आधी यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावून पाहावी. तिथे ती सुरळीत चालली तर केबल किंवा मदरबोर्ड तपासायचा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत सांगतो. किती सेक्टर बाद होऊन पर्यायी जागेत हलवले गेले, डिस्क एकूण किती तास चालली, हे आकडे तो दाखवतो. बाद सेक्टरांची संख्या वाढत असेल तर डिस्कचे दिवस भरले.

मराठवाड्यातल्या डिस्कला दोन गोष्टी विशेष सोसाव्या लागतात. पहिली उष्णता. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कला चालताना साधारण ६० अंशांपर्यंतचे तापमान झेपते. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या दुकानात, धुळीने पंखा बुजलेल्या लॅपटॉपच्या पोटात ती मर्यादा फार लांब राहत नाही. दुसरी गोष्ट खंडित वीज. लॅपटॉपला वीज गेल्याने फरक पडत नाही असे मानले जाते, पण ते बॅटरी जिवंत असेपर्यंत. आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली असते आणि तो निव्वळ चार्जरवर चालतो. वीज गेली की फिरती डिस्क लिहिता लिहिता थांबते. अर्धवट लिहिलेले सेक्टर, बिघडलेली विंडोज आणि मजकूर वाचणारे-लिहिणारे पण वारंवार अचानक माघारी जाणारे हेड, हे सगळे त्यातून येते. नव्या डिस्कसोबत बॅटरीही बदलावी किंवा निदान यूपीएस लावावा, हा खर्च वाया जात नाही.

साटा लॅपटॉप असेल तर आता फिरती हार्ड डिस्क घेण्यात अर्थ उरलेला नाही. एसएसडीच घ्यावी. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला तबकडीवरची एखादी जागा गाठायला पंधरा-सतरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला सुमारे एक दशांश मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचते, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या साटावर एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरीही दोन-तीन जीबी रॅमचा रडतखडत चालणारा लॅपटॉप कामाचा होतो. डीव्हीडी ड्राइव्ह वापरात नसेल तर त्याच्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवून तिथे मोठी हार्ड डिस्कही ठेवता येते. कॅडीही दोन जाडींत येते, साडेनऊ आणि १२.७ मिलिमीटर, तेवढे मोजून घ्यावे.

२०१३ नंतरच्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची खणाऐवजी, किंवा त्यासोबत, एम डॉट टू नावाची पट्टीसारखी एसएसडी दिसू लागली. तिच्यावर २२८० किंवा २२४२ असा आकडा असतो. पहिले दोन अंक रुंदी, पुढचे लांबी, मिलिमीटरमध्ये. पण एकाच आकाराची पट्टी साटाची असू शकते किंवा एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीची, आणि जुन्या लॅपटॉपची खाच त्यांपैकी एकच ओळखते. खाच जुळली म्हणून डिस्क चालेल असे धरू नये, लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

स्वस्त छोट्या लॅपटॉपांत मात्र साठवण थेट मदरबोर्डवर डाख देऊन बसवलेली असते. ती बदलण्याची सोय नसते. रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पातले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, त्यांत हार्ड डिस्क मुळातच नव्हती. बोर्डावरची १ जीबी फ्लॅश मेमरी हीच साठवण. मुलांच्या हातून पडझड होणार हे धरून केलेली ती चांगली योजना होती. आजचे स्वस्त लॅपटॉप मात्र केवळ काटकसरीसाठी तसेच बनतात, आणि साठवण गेली की सबंध यंत्र जाते. नवा लॅपटॉप घेणाऱ्याने ही चौकशी आधी करावी.

एक्सपीवाल्या डीटीपी यंत्राला नवी साटा डिस्क लावल्यावर हमखास एक विघ्न येते. इन्स्टॉलेशन सुरू होताच निळा पडदा आणि ७बी असा दोष क्रमांक. डिस्क खराब निघाली असे समजून ती परत केली जाते. खरे कारण असे की एक्सपीच्या सीडीत साटाच्या एएचसीआय पद्धतीचे ड्रायव्हर नाहीत. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन डिस्कची पद्धत ‘आयडीई’ किंवा ‘कम्पॅटिबल’ अशी केली की बहुतेक यंत्रांत काम पुढे सरकते. आणि ८ एप्रिल २०१४ पासून मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली आहे, त्यामुळे असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवावे.

माल कुठून आणायचा? लोह्याहून नांदेड तासाभरावर आणि तिथल्या दुकानांत साटा एसएसडी सहज मिळते. अवघड वस्तू, म्हणजे आयडीईची पट्टी, एखादी कॅडी, जुन्या मॉडेलची चौकट, यांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड प्रसिद्ध आहे. पण नांदेडकरांना हैदराबाद-सिकंदराबाद कितीतरी जवळ. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हापासूनची व्यापाराची वाट अजून चालू आहे. सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर हे संगणकाच्या सुट्या भागांचे तिथले ठिकाण.

नव्या हार्ड डिस्कच्या बाजारात आता तीनच कंपन्या उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. हिताची, सॅमसंग, फुजित्सू, मॅक्सटर ही नावे एकेक करून यांच्या पोटात गेली. त्यामुळे हिताचीची कोरी डिस्क कोणी देऊ केली तर ती जुन्या मालातली आहे हे ओळखावे. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले तेव्हा जगभर डिस्कचे भाव भडकले होते. इतके उत्पादन एकाच देशात एकवटल्याचा तो परिणाम.

वापरलेली डिस्क नवी म्हणून खपवण्याचे प्रकार मोठ्या बाजारांतही घडतात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क, चाललेल्या तासांचा आकडा शून्यावर आणून, कोऱ्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. एसएसडीतही भेसळ आहे. काही टेराबाइट क्षमतेची एसएसडी मातीमोल भावात मिळत असेल तर आत मेमरी कार्ड निघण्याची शक्यता दाट. नावाजलेल्या कंपनीची, पक्क्या बिलाची आणि वॉरंटीची एसएसडी घ्यावी, अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले, त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचाही समावेश आहे. कंपन्यांच्या माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती तिथे एकत्र मिळावी हा हेतू.

या सगळ्याच्या आधी करायचे काम म्हणजे जुन्या डिस्कवरचा मजकूर वाचवणे. डिस्क टकटक वाजत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्यात उरलेसुरले जाते. लग्नाचे फोटो किंवा हिशेबाच्या फायली मोलाच्या असतील तर ती डिस्क मजकूर परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी, आणि कोणी ती दुकानात खोलून पाहतो म्हणाला तर देऊ नये. तबकडीवरून हेड काही नॅनोमीटर उंचीवरून फिरते, धुळीचा एक कणही तिथे घातक ठरतो. आवाज नसेल आणि डिस्क फक्त मंद झाली असेल, तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम खराब जागा बाजूला ठेवून चांगला भाग आधी उतरवून घेतो.

ऑनलाइन केंद्र चालवणाऱ्यांना शेवटी एक कळकळीची विनंती. नवी एसएसडी लागली, काम सुरू झाले, की जुनी डिस्क दुकानदाराकडे तशीच सोडून येऊ नका. तिच्यावर तालुक्यातल्या शेकडो माणसांची आधार कार्डे, बँक पासबुके, सातबारे आणि सह्यांचे स्कॅन आहेत. साधे फॉरमॅट मारल्याने ते पुसले जात नाही, मोफत प्रोग्रॅमनेही परत काढता येते. चालू डिस्क असेल तर तिच्यावर पूर्ण पुसणारा प्रोग्रॅम चालवा. बंद पडलेली असेल तर उघडून तबकड्यांना भोके पाडा आणि मगच ती ई-कचऱ्यात द्या.